रिस्टार्ट केलंस का?

बंगळुरात दोन विषयांवर सल्ला द्यायला कसलीही पात्रता लागत नाही. एक, सिल्क बोर्डचं ट्रॅफिक कुठून चुकवायचं. दुसरा, बंद पडलेल्या सर्व्हरचं काय करायचं. पहिल्यावर निदान मतभेद तरी असतात. दुसऱ्यावर अख्ख्या शहराचं एकमत आहे: "रिस्टार्ट केलंस का?" हा प्रश्न मॅनेजर विचारतो, सेल्सवाला विचारतो, एचआरमधल्या बाई विचारतात, आणि चहा आणणारा पोरगाही कप ठेवता ठेवता विचारून जातो. "नेमकं झालं काय होतं?" हे मात्र चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही.

सर्व्हर बिचारा तेच सांगायला बसलेला असतो. काय झालं, कुठे झालं, किती वाजता झालं, हे त्याने सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत लिहून ठेवलेलं असतं. पण ते वाचायला इंग्रजी, चिकाटी आणि वेळ या तीन गोष्टी लागतात आणि रिस्टार्टला एक बोट पुरतं.

मी राहतो यशवंतपुरात. नाव ऐकून गावाकडच्या नातेवाइकांना वाटतं, हे फलटण-कराडच्या बाजूला कुठेतरी असणार. प्रत्यक्षात ते बंगळूरच्या वायव्येला आहे. एका बाजूला एपीएमसीचं यार्ड. तिथे कांद्याच्या ट्रकवर 'एमएच' दिसलं की उगाचच भरून येतं. दुसऱ्या बाजूला १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था. मेट्रोचं शेजारचं स्टेशन चंदनाच्या साबणाच्या कारखान्याच्या नावाचं, आणि वर उत्तरेला पीण्याची औद्योगिक वसाहत. विज्ञान संस्थेत २०२२ पासून 'परम प्रवेग' हा ३.३ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक चालू आहे आणि तो आहे सी-डॅकचा, म्हणजे मुख्यालय पुणे. इथल्या पुणेकरांना ही माहिती कोणी विचारावी लागत नाही.

एवढ्या थोरामोठ्यांच्या मधल्या गल्ल्यांत, जिमच्या वर आणि दर्शिनी हॉटेलच्या मागे, लहान-मध्यम कंपन्यांच्या सर्व्हर रूम आहेत. 'रूम' हा सन्मानाचा शब्द. पूर्वी तिथे झाडू ठेवत. झाडू अजूनही असतो, फक्त आता त्याच्याशेजारी दोन-तीन होस्ट घरघरत असतात आणि दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी असते. ती पाटी वाचून सगळे आत जातात, कारण इमारतीतला सगळ्यात थंड एसी तिथे आहे.

व्हर्च्युअल मशीन होस्ट म्हणजे काय, हे समजावून सांगायला यशवंतपुरासारखी जागा नाही, कारण इथे प्रत्येक गल्लीत पीजी आहे. पीजीचा मालक एका मजल्यात प्लायवुडच्या भिंती घालून दहा खोल्या काढतो. प्रत्येक खोलीतल्या पोराला सांगतो की चोवीस तास गरम पाणी आहे. गीझर एकच असतो. मालकाचा हिशेब असा, की सगळे एकाच वेळी थोडेच आंघोळ करणार आहेत? होस्ट हेच करतो. यंत्र एक, पण आतल्या प्रत्येक गेस्टला वाटतं की हा प्रोसेसर माझा, ही मेमरी माझी, ही डिस्क माझ्या एकट्याची. मेमरी असते त्यापेक्षा जास्त वाटून टाकायची, याला आमच्या धंद्यात ओव्हरकमिट म्हणतात. सोमवारी सकाळी साडेआठला सगळ्यांना एकदमच आंघोळ करायची असते, हे पीजीच्या मालकालाही माहीत असतं आणि सर्व्हर विकत घेणाऱ्यालाही. दोघंही रविवारी हिशेब करतात.

ही युक्ती काही आजची नाही. आयबीएमने १९६७ च्या सुमारास मोठ्या यंत्रांवर ती चालवून दाखवली आणि १९७२ साली बाजारात आणली. मग १९९८ साली व्हीएमवेअर कंपनी निघाली, २००३ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजहून झेन आलं, आणि २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्येच जाऊन बसलं. त्यानंतर साध्या लिनक्स मशीनवरही कोणालाही गेस्ट ठेवता येऊ लागले. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

मेमरी खरोखरच संपली, की लिनक्स फार स्पष्टवक्तेपणाने वागतं. त्याच्यात 'ओओएम किलर' नावाची व्यवस्था आहे. ती सगळ्या प्रोसेसना गुण देते; ज्याने जास्तीत जास्त मेमरी व्यापली त्याला जास्त गुण, आणि पहिल्या नंबराला मारून टाकते. केव्हीएमच्या होस्टवर प्रत्येक गेस्ट ही एक प्रोसेसच असते. सगळ्यात जाडजूड गेस्ट बहुधा डेटाबेसचा असतो. म्हणजे कंपनी ज्याच्या जिवावर चालते तोच पहिला जातो, आणि कोणीतरी दोन वर्षांपूर्वी 'टेस्ट-फायनल-नवीन-२' या नावाने सुरू करून विसरलेला किडमिडा गेस्ट सुखरूप राहतो.

गंमत पुढेच आहे. मेलेल्या गेस्टच्या लॉगमध्ये याचा उल्लेखही नसतो. सगळं छान चाललेलं असतं, कोणीतरी लॉगिन केलेलं असतं, एक अहवाल तयार होत असतो आणि पुढची ओळच नसते. आमच्याकडे रात्रपाळीला सोलापूरचा एक पोरगा आहे. त्याने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो म्हणाला, "सर, ह्याच्या लॉगमध्ये कायच नाही बघा. चांगलं बोलत बोलत एकदम गप." निदान अचूक होतं. ज्याला मारलं त्याला कळलंच नाही, तर तो लिहिणार काय? मारणाऱ्याच्या डायरीत मात्र स्वच्छ कबुली असते: होस्टचा लॉग उघडला की मेमरी संपली, अमुक नंबरची प्रोसेस मारली, तिने इतकी मेमरी धरली होती, असं सगळं ओळीने. कसलीही सारवासारव नाही. इतका प्रामाणिक कबुलीजबाब हाताशी असताना आपण तीन तास गेस्टच्या खोलीत ठसे शोधत बसतो.

पण लॉगपर्यंत जाईपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. सर्व्हर पडला की पहिल्या मिनिटाला व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप तयार होतो. त्याचं नाव 'अर्जंट' असतं. 'अर्जंट' नावाचा आधीचा ग्रुप आहे हे लक्षात आल्यावर ते 'अर्जंट न्यू' होतं. त्यात नेटवर्कवाला सांगतो की नेटवर्क ठीक आहे. डेटाबेसवाला सांगतो की डेटाबेस ठीक आहे. अॅप्लिकेशनवाला म्हणतो, कालपर्यंत चालत होतं. सगळंच ठीक असल्याचं कळल्यावर मॅनेजर विचारतो, "मग बंद का आहे?" यावर तिघंही अंगठा पाठवतात. खालचे सिक्युरिटीवाले अण्णा जिन्यातच विचारतात, "एनु सार, मत्ते होयता?" पुन्हा गेला का? त्यांना वीजच गेल्यासारखी वाटत असते, आणि बंगळूरच्या पावसाळ्यात तो अंदाज वाईट नाही.

मग कोणीतरी पुढे होऊन ते बटण दाबतं. पंखे मोठ्याने फिरतात, हिरवे दिवे लागतात, सगळं चालू होतं. टाळ्या. ज्याने बटण दाबलं त्याला शाबासकी मिळते, आणि त्याच क्षणी पुरावा गेलेला असतो. काही लिनक्स यंत्रांवर सिस्टिमचा जर्नल ठेवणीतल्या फोल्डरअभावी फक्त मेमरीत राहतो. वीज गेली, रिस्टार्ट झाला, की स्मृती कोरी. तो फोल्डर एकदा करून ठेवला तर मागच्या बूटचा सगळा लॉग एका कमांडमध्ये परत मागवता येतो. पण फोल्डर करायचा असतो तो सर्व्हर नीट चालू असताना, आणि सर्व्हर नीट चालू असताना त्याच्याकडे बघायची आपल्यात रीत नाही.

समजा लॉग बचावला आणि वाचायला बसलो. इथे माणसांचे प्रकार पडतात. पहिला प्रकार शेवटची ओळ वाचणारा. त्याला वाटतं, सगळ्यात खाली जो सापडला तोच गुन्हेगार. शेवटची ओळ बहुतेक वेळा कोणा निरपराध सेवेची असते. डिस्क गेली, म्हणून फाइल मिळाली नाही, म्हणून डेटाबेस थांबला, म्हणून वेबसाइट पडली. शेवटी ओरडते ती वेबसाइट, आणि शिव्याही तिलाच. वाचायचं असतं वरून खाली, पहिली बिघाडाची ओळ सापडेपर्यंत.

दुसरा प्रकार 'एरर' हा शब्द शोधणारा. तो शोधायला जातो आणि शेकडो सापडतात. बायोसबद्दलच्या काही तक्रारी लिनक्स प्रत्येक बूटला, यंत्र विकत घेतल्या दिवसापासून, न चुकता लिहीत असतं आणि यंत्र त्यावर निवांत चालत असतं. कोणत्या ओरडीकडे दुर्लक्ष करायचं हे कळायला त्याच यंत्राचा चांगल्या दिवसातला लॉग बघितलेला असावा लागतो.

तिसरा प्रकार लॉगचा फोटो पाठवणारा. मोबाइलने तिरका काढलेला, मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि महत्त्वाच्या आकड्यावर अंगठा. खाली लिहिलेलं असतं, "प्लीज चेक."

त्यात वेळेचा घोळ. होस्टचं घड्याळ यूटीसीवर, गेस्टचं भारतीय वेळेवर. गेस्ट पहाटे अडीचला मेला म्हणून होस्टच्या लॉगमध्ये अडीच वाजता बघायला जावं तर तिथे शांतता. साडेपाच तास मागे गेलं की आदल्या दिवशीच्या रात्री नऊला सगळा दंगा लिहिलेला सापडतो. या साडेपाच तासांनी देशात जितके निरपराध प्रोग्राम बदनाम केले असतील तितके व्हायरसने केले नसतील. शिवाय कधी कधी लॉगच लॉगला खातो: वर्षभर कोणी न वाचलेला लॉग फुगत जातो, डिस्क भरते, आणि शेवटी जागा उरली नाही हे लिहायलाही जागा उरत नाही.

आणि लॉगची भाषा! ती लिहिणारे प्रोग्रामर माणसं होती, हे तिथे अधूनमधून दिसतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक जुना संदेश आहे. कोणत्या कारणाने आली ते कळत नाही अशी हार्डवेअरची तातडीची हाक आली, की तो पूर्वी विचारायचा, तुम्ही वीज वाचवायचा काही विचित्र मोड चालू केलाय का? आणि अजूनही म्हणतो: मी भांबावलोय, गोंधळलोय, पण काम चालू ठेवायचा प्रयत्न करतोय. जुन्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये तर प्रिंटर पेटलाय असा संदेश आहे, आणि तो गंभीरपणे दिला जातो. आमच्या अण्णांना काहीही विचारलं की ते "गोत्तिल्ला सार" म्हणून, म्हणजे माहीत नाही म्हणून, हात झटकतात. कर्नलही 'अज्ञात कारण' म्हणतं, पण निदान काम सोडून जात नाही.

आता मुख्य नायकाकडे येऊ. त्याला रंगरूप नाही, जाहिरात नाही, आणि नव्या लॅपटॉपवर त्याला जागाही नाही. सीरियल पोर्ट. आरएस-२३२ हे त्याचं मानक १९६० सालचं, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या बरोबरीचं. तेव्हापासून राज्यात किती मुख्यमंत्री झाले हे आठवायला कागद घ्यावा लागतो. आरएस-२३२ च्या कामापुरत्या तीन तारा मात्र अजून त्याच आहेत: एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची. नेटवर्क गेलं, पडदा काळा झाला, डिस्क रुसली, तरी या तीन तारांवरून यंत्र एकेक अक्षर बाहेर ढकलत राहतं. त्यांना ना ड्रायव्हरचा थाट लागतो ना आयपी पत्ता. कर्नलला सुरुवातीलाच एका ओळीत सांगून ठेवायचं, की जे काही बोलशील ते इथेही बोल.

केबल मिळवणं हा वेगळा अध्याय. यशवंतपूरहून हिरव्या मेट्रोने चिकपेटला जायचं, तिथून एसपी रोड. या रस्त्यावर मागाल तो इलेक्ट्रॉनिक भाग मिळतो, आणि न मागितलेलाही दाखवतात. "यूएसबी टू सीरियल" म्हटलं की दुकानदार खोक्यातून एक काळी केबल काढतो. तिच्यावर 'ओरिजिनल' असं छापलेलं असतं. खऱ्या वस्तूवर असं छापायची वेळ सहसा येत नाही. घरी येऊन विंडोजला लावली, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाच्या जागी सरळ लिहून येतं: ही पीएल-२३०३ नाही, कृपया आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधा. नकली चिपांना कंटाळून त्या चिपच्या कंपनीने ड्रायव्हरमध्येच ही सोय केलेली आहे. पुरवठादाराशी संपर्क साधला तर तो म्हणतो, "स्वल्प अडजस्ट माडी सार, थोडं सांभाळून घ्या, जुना ड्रायव्हर टाका." आणि जुन्या ड्रायव्हरवर ती व्यवस्थित चालते.

मग तार सरळ की उलटी? दोन यंत्रं एकमेकांना जोडताना तारा अदलाबदल केलेली केबल लागते. सरळ केबल लावली तर बोलायची तार बोलायच्या तारेला आणि ऐकायची ऐकायच्या तारेला जोडली जाते. दोघंही बोलतात, ऐकत कोणी नाही. कॉन्फरन्स रूममध्ये हे रोज चालतं, पण सर्व्हर रूममध्ये खपत नाही. त्यानंतर वेग. दोन्ही टोकांना एकच आकडा हवा, ९६०० किंवा १,१५,२००. चुकला तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि ग्रीक अक्षरांचा सडा पडतो. नवशिक्यांना वाटतं सर्व्हर हॅक झाला. आकडा बरोबर लावून एंटर मारला, काही होत नाही. पुन्हा मारला, आणि काळ्या पडद्यावर 'लॉगिन' एवढा एक शब्द उमटतो. नेटवर्क मेलेल्या, सगळ्यांनी हात टेकलेल्या यंत्राने आपल्याला ओळख विचारलेली असते. हे सुख ज्याने अनुभवलं त्याला पगारवाढ थोडी कमी मिळाली तरी चालते, असा व्यवस्थापनाचा समज आहे.

चांगल्या सर्व्हरमध्ये हे घरबसल्याही होतं. मुख्य यंत्राशेजारी एक चिमुकलं स्वतंत्र यंत्र असतं, त्याचं नाव बीएमसी. मुंबईकरांनी नावावरून गैरसमज करून घेऊ नये. हे रात्री-बेरात्रीही लगेच उत्तर देतं. २००४ च्या आयपीएमआय २.० या मानकापासून त्याच्यातून सीरियल कन्सोल नेटवर्कवरून बघता येतो. आणि होस्टवरच्या प्रत्येक गेस्टलाही एक काल्पनिक सीरियल पोर्ट देता येतो. काल्पनिक यंत्राचा काल्पनिक पोर्ट, पण त्यावर बोललेलं खरं असतं. त्या कन्सोलमध्ये शिरणं सोपं आहे. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस एकत्र दाबायचा असतो, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. लोक खिडकीच बंद करून पळतात.

आमच्या इमारतीत एक होस्ट रोज पहाटे अडीचच्या सुमारास गोठायचा. सकाळी रिस्टार्ट केला की दिवसभर ठणठणीत. तर्कांना ऊत आला. एसी रात्री जास्त थंड होतो. यशवंतपूर स्टेशनातल्या मालगाड्यांनी इमारत हलते. वास्तुदोष आहे, रॅकचं तोंड दक्षिणेला. विक्रेत्याच्या सपोर्टला कळवलं तर त्यांनी सगळे लॉग मागवले, ते अपलोड होण्यात एक दिवस गेला, आणि उत्तर आलं की फर्मवेअर अपडेट करून नवे लॉग पाठवा. लॉगमध्ये तर काहीच नव्हतं; अडीच वाजेपर्यंत सगळं क्षेमकुशल, त्यानंतर थेट सकाळचं बूट.

सोलापूरच्या पोराने जुना लॅपटॉप सीरियल केबलने लावून ठेवला, येणारं प्रत्येक अक्षर फाइलमध्ये उतरवायला सांगितलं आणि जेवायला गेला. सकाळी फाइलमध्ये सगळी हकिकत होती. अडीचला डिस्कच्या कंट्रोलरने उत्तर देणं सोडलं. कर्नलने त्याला रिसेट केलं. पुन्हा गप. मग एकामागून एक वाचता येत नाही, लिहिता येत नाही. मग फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवतोय, अशी ओळ. आणि त्यानंतर अमुक काम १२० सेकंदांहून जास्त अडकून पडलंय, अशा हाकांची रांग. लॉगमध्ये यातलं काहीच का नव्हतं? कारण लॉग त्याच डिस्कवर लिहायचा होता. जी गेली तिच्यावरच तिच्या जाण्याची नोंद कशी होणार?

"पण रोज अडीचलाच का ओ, सर?" पोराने विचारलं. त्याने सगळ्या गेस्टची वेळापत्रकं काढून बघितली. प्रत्येक टीमने आपला बॅकअप पहाटे अडीचला लावला होता. कारण प्रत्येकाच्या मते त्या वेळी कोणीच नसतं. एका कंट्रोलरवर सगळे एकदम तुटून पडत होते, आणि त्याचं जुनं फर्मवेअर त्या गर्दीत मान टाकत होतं. बॅकअप एकामागून एक लावले आणि होस्ट झोपेत गोठायचा थांबला. मीटिंगमध्ये हे सगळं सविस्तर सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रिस्टार्टने सुटत होतं ना?" अहवालात मूळ कारण म्हणून 'हार्डवेअर' असं नोंदलं गेलं.

सीरियल कन्सोल निर्दोष आहे असंही नाही. ९६०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात. कर्नलला एकदम खूप बोलायचं असलं, की एक प्रोसेसर बिचारा ती अक्षरं ढकलत उभा राहतो. तो इतका वेळ अडकलाय हे बघून पहारेकरी तक्रार करतो की प्रोसेसर अडकला. ती तक्रारही त्याच तारेवरून छापायची असते. म्हणून तो आणखी अडकतो. बिघाड कळवता कळवता बिघाड करणारी यंत्रणा सरकारी कचेऱ्यांबाहेर ही एवढीच असावी.

आणि एका दिवशी रिस्टार्टवाल्यांचा मोठा विजय झाला, हे कबूल केलं पाहिजे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक छोटी फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला जगभर गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. नंतरच्या तपासात निघालं की साच्यात रकाने २१ आणि प्रोग्राम भरत होता २०. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण जी यंत्रं बूट होतानाच पडत होती त्यांना ते कळणार कसं? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अशा वेळी मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनसाठी अधिकृत सल्ला दिला: रिस्टार्ट करा. नाही झालं तर पुन्हा करा. काहींना १५ वेळा करावं लागलं आहे. पडण्याआधीच्या काही क्षणांत सुधारलेली फाइल उतरली तर यंत्र वाचत होतं, म्हणून.

त्या दिवशी आमच्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानावर जागतिक शिक्कामोर्तब झालं होतं. पण त्या गोंधळात दिल्या गेलेल्या सूचनांमध्ये दुसराही मार्ग होता, आणि तो होता क्लाउडच्या सीरियल कन्सोलमधून आत शिरून यंत्र सेफ मोडमध्ये आणायचा. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या एका मोठ्या गोंधळात १९६० च्या कल्पनेचा हात धरूनही बाहेर येता येत होतं. मी मॅनेजरला ते दाखवलं. त्यांनी १५ हा आकडा वहीत लिहून घेतला.

दरवर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या सर्व्हर रूमचीही पूजा होते. रॅकला झेंडूची माळ, बीएमसीच्या दिव्याशेजारी हळदकुंकू, एसीला गंध. इमारतीच्या दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात, आणि अख्खं बंगळूर त्या दिवशी कोहळ्यावरून घसरत घरी जातं. भटजी विचारतात, यंत्राचं नाव काय? आम्ही होस्टचं नाव सांगतो, त्यात दोन आडवे डॅश असतात. भटजी तेही संकल्पात घेतात. पूजेला माझा विरोध नाही. उलट, वर्षातून एकदा का होईना, सर्व्हर चालू असताना कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन उभं राहतं, हे फार मोठं आहे. फक्त त्याच मुहूर्तावर जर्नलचा फोल्डर करून घ्यावा, लॉग दुसऱ्या यंत्रावरही जातील अशी सोय करावी, सगळी घड्याळं एका वेळेवर आणावीत आणि सीरियल केबल जोडून दोन्ही टोकांचा वेग एका चिठ्ठीवर लिहून रॅकला चिकटवावा. याला माळेपेक्षा कमी वेळ लागतो आणि कोहळाही लागत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमचा होस्ट पडलाच, तर चहावाल्यासकट सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर काढा. पडद्यावर जे आहे त्याचा फोटो घ्या, अंगठा बाजूला ठेवून. वेळ लिहा, आणि ती कोणत्या घड्याळाची तेही लिहा. गेस्टचा लॉग बघा, मग होस्टचा; वरून खाली वाचा. कन्सोलला एकदा एंटर मारून बघा, उत्तर येत नसेल तर आणखी एकदा. एवढं झाल्यावर खुशाल रिस्टार्ट करा. ते बटण कुठे पळून जात नाही, लॉग जातो.